वेळ संपल्यावर बोललेलं

लुचित्सा, ११ फेब्रुवारी २०१९

नेदा,

सात वर्षांनी माझं अक्षर बघून दचकशील. घाबरू नकोस, बाबा आहेत. श्वासाचं यंत्र दिवसातले चौदा तास लावावं लागतं, पण जेवणावरून अजून कटकट करतात, म्हणजे बरे आहेत असं समज.

तुझा पत्ता फिलकामावशीने दिला. तू दर नाताळला तिला कार्ड पाठवतेस हे मला माहीत नव्हतं. असो.

लिहायचं कारण असं की अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्याच्या जागेवर स्टेडियम व्हायचं घाटतंय. धक्क्यापासून थेट शाळेच्या रस्त्यापर्यंत. आपले फुटबॉलवाले 'निळे' वरच्या गटात गेले आणि आता नियमाप्रमाणे त्यांना मोठं मैदान हवं. बारा हजार खुर्च्या, समुद्राकडे तोंड करून खानावळ, फिरायला फरसबंदी. चित्रात सगळ्यांनी पांढरे कपडे घातलेत आणि कुणीही म्हातारं नाही. २१ मार्चला सांस्कृतिक भवनात जाहीर सुनावणी आहे. इतिवृत्त नेहमीप्रमाणे मीच लिहिणार. नगरपालिकेत वीस वर्षं दुसरं काय केलंय मी?

बाबांना बोलायला बोलावलंय. कारखान्याच्या जुन्या संघाच्या अकरा जणांतले तेवढेच उरले. नगराध्यक्ष बुलात स्वतः घरी आले, वाइनची बाटली आणि निळा मफलर घेऊन.

"लोव्रेकाका, तुमच्याशिवाय शोभा नाही. फक्त तीन मिनिटं."

"तीन मिनिटं?" बाबा म्हणाले. "एवढी हवा कुठाय माझ्याकडे?"

"गोलकीपरने गोल सोडून जायचं नसतं हो."

बाबा हसले, मग खोकले, मग हो म्हणाले. तुला राग येणार. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं. ये म्हणत नाही. उत्तराचीही सक्ती नाही.

यागोदा


६ मार्च

नेदा,

तुझं कार्ड मिळालं. ट्रामचं चित्र छान आहे. तू आता बस चालवतेस असं मावशी म्हणाली, मला खरंच वाटेना. तू तर सायकलवरूनही पडायचीस.

कार्डाच्या मागे तू एकच ओळ लिहिलीस: "त्यांना विचार, उत्तरेकडच्या गोलमागे काय आहे." तेच तुणतुणं, नेदा. आईच्या दफनाच्या जेवणाला तरी तू गप्प बसायला हवं होतंस. त्या दिवशी जे झालं ते झालं. मी ते उकरून काढत नाही, तूही काढू नकोस.

गावात मात्र रोज तमाशा. काल क्रेशोच्या पावाच्या दुकानात रांगेत होते. पुढे मावशी. क्रेशो आता निळ्यांचा ढोलवाला आहे, दुकानात झेंडा लावलाय.

"मावशी, तेरा वर्षं झाली कारखाना बंद पडून. नुसते उंदीर आणि गंज. तेच हवंय का तुम्हाला?"

"मला मातीची तपासणी हवीय. तुझ्या ढोलाच्या आधी."

"झाली की. बारा ठिकाणी खणलं. स्वच्छ आहे."

"कुठे खणायचं ते कुणी ठरवलं? ज्यांना काही सापडायला नको होतं त्यांनीच ना?"

"तुम्हाला जिथे तिथे विषच दिसतं."

"माझ्या घरातली तीन माणसं गेली, राजा. मला नाही दिसणार तर कुणाला दिसेल?"

क्रेशोने पाव तिच्या पिशवीत स्वतः ठेवला आणि मान खाली घालून सुरी पुसत राहिला. तो वाईट नाही गं. त्याचा बापही त्याच धुळीने गेला.

बाबांचं भाषण मी टाइप करून दिलंय. रोज संध्याकाळी सराव करतो आम्ही. मी घड्याळ धरते. पहिल्या दिवशी साडेचार मिनिटं झाली, दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यावा लागतो ना. मी विशेषणं काढून टाकली. आता दोन मिनिटं पन्नास सेकंदांवर आलंय. आईचा उल्लेख होता, तोही काढला. तो वाचताना ते अडकत होते.

यागोदा


२२ मार्च

नेदा,

सुनावणी झाली. सगळं नीट पार पडलं. बाबा छान बोलले, टाळ्या मिळाल्या. वेळ संपल्याची घंटा झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले, त्यांना पाणी हवं होतं. मग मी त्यांना घरी आणलं.

बाजूने एकवीस बोलले, विरोधात आठ. मावशी शेवटून दुसरी बोलली, तोवर निळ्यांची गाणी सुरू झाली होती.

खूप थकलेय. एवढंच.

यागोदा


१९ एप्रिल, गुड फ्रायडे

नेदा,

सुक्या कॉड माशाचा रस्सा शिजतोय, तोवर लिहिते.

मंजूर झालं. नऊ विरुद्ध चार. सुनावणीनंतर आठ दिवसांत लेखी हरकती घ्यायच्या होत्या. मावशीने एकशे दहा सह्यांची हरकत दिली. "पुराव्याअभावी अमान्य" असं उत्तर गेलं. ते उत्तर मीच टाइप केलं. माझं काम आहे ते.

तुझं पत्र मिळालं. मावशी तुला काय काय कळवते हे आता लक्षात आलं. घंटा झाल्यावर, माइक बंद झाल्यावरही बाबांचे ओठ हलत होते, असं तिने पाचव्या रांगेतून पाहिलं म्हणे. अगं, त्या माणसाला श्वास पुरत नाही, ओठ हलणारच. आणि तो ढोल, ती गाणी. मी समोर बसले होते, तिला दिसलं ते मला दिसलं नसतं का? तू गोथेनबर्गमध्ये बसून माझी उलटतपासणी घेऊ नकोस.

बाबा ठीक. फक्त एक विचित्र सुरू झालंय. रोज सकाळी दाढी करतात. इस्त्रीचा शर्ट घालतात, वरचं बटण लावून. नाकात नळी आणि अंगात कडक कॉलर. मग खिडकीपाशी बसतात. रस्त्यावर मोटार थांबली की उठून उभे राहायला बघतात. कुणाची वाट बघतात विचारलं तर म्हणतात, "येतील."

वय झालं, दुसरं काय.

यागोदा


९ जून

नेदा,

हे पत्र बसून वाच.

बाबा स्प्लिटच्या हॉस्पिटलात आहेत, मंगळवारपासून. घशात नळी घातलीय. बोलता येत नाही. डॉक्टर मला 'काही दिवस' म्हणाले, आणि मी वीस वर्षं सरकारी भाषा लिहितेय, मला त्याचा अर्थ कळतो.

तुला मी खोटं लिहिलं.

२१ मार्चला बाबांनी भाषण वाचलं, जसंच्या तसं, माझं टाइप केलेलं. जुने अकरा जण, धक्क्यावरची मॅच, नव्या पोरांना मैदान मिळालं पाहिजे. बुलातसाहेबांना दिलेला शब्द त्यांनी पाळला. घंटा वाजली, माइक बंद झाला. मागे क्रेशोने ढोल सुरू केला. बाबांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि चार पावलं चालून माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकले.

"यागोदा, आता हे लिही."

मग थांबत थांबत सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साल, सप्टेंबर. झाग्रेबहून तपासणी येणार होती. फुटके पत्रे आणि कच्च्या तंतूची पोती, ती निळसर पांढरी, वखारीत छतापर्यंत होती. तीन दिवसांत सगळी पुरली. कारखान्याच्या मैदानावर, उत्तरेकडच्या गोलमागे, धक्क्याच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर. लोडर बाबा चालवत होते. "खड्डा मी खणला. पोती फुटत होती. ते कपडे मी घरी नेले. तुझ्या आईने, पेरिनाने धुतले." आणि मग, "स्टेडियमचे खांब तिथेच जाणार आहेत. सांग त्यांना."

माझ्याशिवाय कुणालाही ऐकू आलं नाही. माझी बोटं अक्षरांवर होती, नेदा. मी बाबांकडे बघितलं, मग बुलातसाहेबांकडे. ते पुढच्या वक्त्याचं नाव पुकारत होते. नियम असा आहे की घंटेनंतरचं इतिवृत्तात घ्यायचं नाही. मी लिहिलं, "वक्त्याची वेळ संपली. निवेदन समाप्त."

नियमाचं नाव पुढे करते, पण ते कारण नव्हतं. मी ते लिहिलं असतं तर बाबा गुन्हेगार ठरले असते. शिवाय तू खरी ठरली असतीस. तू अकरा वर्षांची, डबा घेऊन कारखान्यात गेलीस, बाबांना लोडरवर पाहिलंस. हे तू आईच्या दफनाच्या जेवणाला सगळ्यांसमोर सांगितलंस, आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. खोटारडी म्हणाले. त्या एका सेकंदात, टेबलाशी, मला तेच आठवलं. तू खरी ठरायला नको होतीस मला. एवढंसं कारण.

गाडीत त्यांनी विचारलं, "लिहिलंस ना?"

मी म्हणाले, "लिहिलं, बाबा."

त्यांना हायसं वाटलं. मला दिसलं ते. सीटवर मागे टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "आता येऊ देत." दुसऱ्या दिवसापासून दाढी, इस्त्रीचा शर्ट. त्यांना वाटत होतं चौकशीला माणसं येतील, विचारतील, कदाचित धरून नेतील. अडीच महिने वाट बघितली. मी रोज त्यांचे शर्ट इस्त्री केले आणि गप्प राहिले.

काल हॉस्पिटलात त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं. आधी कळेना. तिसऱ्यांदा कळलं. "आले?"

मी मान हलवली. हो म्हणून.

सोमवारपासून खांबांचं खोदकाम सुरू झालंय. उत्तरेकडूनच.

यागोदा


१ जुलै

नेदा,

हारावर नाव नव्हतं, पण रोझमेरी कुणी घालायला सांगितली असेल ते मला कळलं. आईच्या वेळीही तूच आग्रह धरला होतास. हार पेटीवर वर ठेवला, क्लबच्या झेंड्याच्याही वर. बाबा २३ तारखेला पहाटे गेले.

तुला मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुला असं वाटायला नको की नुसतं पत्र लिहून मोकळी झाले.

१० जूनला शाळेत गेले. मुख्याध्यापकांना म्हटलं, खोदकाम संपेपर्यंत खिडक्या बंद ठेवा. ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "लेखी काही आहे का?" माझ्याकडे काय असणार? तरी एक दिवस त्यांनी बंद ठेवल्या. चौतीस डिग्री तापमान, एका मुलीला भोवळ आली, पालक भांडायला आले. दुसऱ्या दिवशी उघडल्या. त्याच दिवशी डोंगरावरचा वारा सुटला.

कामावरच्या मुकादमाला भेटले. खड्ड्यातून वर येणारा चिखल आधी तपकिरी होता, आता राखेसारखा. मी म्हटलं, बघा ना. तो म्हणाला, "बाई, मी बोस्नियाचा. मला खोली सांगतात, मी तेवढं खोल जातो. बाकी साहेबांना विचारा." त्याच्या तोंडावर फडकंसुद्धा नव्हतं.

साहेब म्हणजे बुलातसाहेब. त्यांच्यापुढे सगळं सांगितलं, पावलं, साल, पोती. त्यांनी शांतपणे इतिवृत्त काढलं.

"हे कुणी लिहिलं, यागोदा?"

"मी."

"खाली सही?"

"माझीच."

"'निवेदन समाप्त.' हे शब्द?"

"माझे."

"मग मी आता कुठल्या यागोदावर विश्वास ठेवू? मार्चमधल्या की जूनमधल्या?" त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला. "वडील आजारी आहेत तुमचे. रजा घ्या."

पर्यावरण निरीक्षकांकडे अर्ज दिला. त्यांनीही इतिवृत्त मागवलं, वाचलं आणि तेच विचारलं. माझ्या शब्दाला माझीच सही आडवी येते. निरीक्षक म्हणाल्या, आणखी कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस असेल तर बघा.

एक आहे. मी मागते आहे. मला मागायचा हक्क नाही हे कळतं, तरी मागते.

यागोदा


१४ सप्टेंबर

नेदा,

तुझं शपथपत्र ९ ऑगस्टला पोचलं. दूतावासाचा शिक्का, आणि तुझं ते बारीक, तिरकं अक्षर. तू डब्यात काय होतं तेही लिहिलंस, पाव आणि खारवलेल्या सार्डिन. मी ते निरीक्षकांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

माणसं आली. पांढरे झगे, मुखवटे. बाबा ज्यांची वाट बघत होते ती माणसं, बाबा गेल्यावर सात आठवड्यांनी. कोपऱ्यात खोदकामाचा चिखल ढीग करून टाकला होता. उन्हाळाभर उघडाच पडला होता, सुकून भुगा झालेला. त्यातून नमुने घेतले.

निघालं, नेदा. सगळं निघालं. तू म्हणालीस तसं, बाबा म्हणाले तसं.

ढीग प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेला. आणि जमिनीखालचं? तिथे तोवर पायाचं काँक्रीट ओतून झालं होतं, मीटरभर जाड. झाग्रेबहून तज्ज्ञ आले. त्यांनी भवनात सगळ्यांना समजावून सांगितलं, आता ते उघडणं जास्त धोक्याचं. झाकलेलं आहे तोवर कुणाला त्रास नाही. हात न लावणंच शहाणपणाचं.

मावशी उठून उभी राहिली. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "तेरा वर्षं मी म्हणतेय, उघडून बघा. तेव्हा म्हणायचात काही नाही, हात लावू नका. आता म्हणता, विष आहे, म्हणून हात लावू नका." मग त्या तज्ज्ञाकडे वळून विचारलं, "आणि या वेळी तुमचं बरोबर आहे ना?"

"हो," तो म्हणाला. "या वेळी बरोबर आहे."

ती खाली बसली. तिला एवढी म्हातारी मी कधी पाहिली नव्हती.

काम पुढे चालू आहे. चौकशी समिती नेमलीय. मला अभिलेख विभागात, तळघरात बसवलंय. तक्रार नाही.

यागोदा


१७ नोव्हेंबर

नेदा,

सोबतच्या पाकिटात एक यादी आहे.

तळघरात रोज कागद चाळताना एक गोष्ट लक्षात आली. आईला जेव्हा दुखणं निघालं तेव्हा तिला कुठे, कधी धूळ लागली याचा एकही कागद नव्हता. ती कारखान्यात नव्हती ना, ती फक्त कपडे धुवायची. म्हणून तिचा दावा उभाच राहिला नाही. डॉक्टर सांगतात, हा रोग तीस वर्षं गप्प बसतो. आत्ता कुणाला काही झालेलं नाही. कदाचित कुणालाच होणार नाही. ते कळायला २०४९ उजाडेल.

३ जून ते १३ जून. अकरा दिवस खोदकाम, त्यातले नऊ शाळेचे. शाळेत एकशे शहाऐंशी मुलं, अकरा शिक्षक. मी नावं लिहायला घेतली. दारोदार फिरले. नाव, जन्मतारीख, वर्ग, खिडकीपासून कितवं बाक.

काहींनी आत बोलावून कॉफी दिली. काहींनी दारातच विचारलं, "आमच्या पोराला काय धाड भरलीय?" मी म्हणायचे, "काही नाही. नसूच दे. पण पुढेमागे कुणी विचारलं तर तारीख तरी मिळावी." एका बाईने माझ्यापुढे दोन बोटांनी क्रूस केला, जशी काही मीच रोग घेऊन आलेय.

क्रेशोने पहिल्यांदा शटर ओढलं. तीन दिवसांनी स्वतः तळघरात आला, अंगावर पीठ तसंच.

"दोघी मुली लिही. मोठी चौथीत, धाकटी पहिलीत."

लिहिलं.

"धाकटी त्या आठवड्यात दोन दिवस तापाने घरी होती. ते लिहिता येतं का?"

"येतं."

"मग ते मोठ्या अक्षरात लिही," तो म्हणाला, आणि जिन्यावर बसून राहिला. मार्चमध्ये तो ढोल वाजवत होता आणि मी टाइप करत होते.

स्टेडियमचं उद्घाटन मे महिन्यात. उत्तरेकडची गॅलरी उभी राहिलीय, घराच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही आता.

तीस वर्षांनी मी पंच्याहत्तरची असेन. असले तर. मावशी नसेलच. नगरपालिकेतले कागद कसे गहाळ होतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून एक प्रत तुझ्याकडे राहू दे. कोरड्या जागी ठेव.

यादीत एकशे एक्क्याऐंशी मुलांची नावं आहेत. पाच घरांनी नको म्हटलं. एकाने तर दार लावताना सांगितलं, आमच्या पोराचं नाव त्या कागदावर आलं तर कोर्टात खेचीन. पाचही मुलांची नावं मला माहीत आहेत, गाव ते केवढं. पण त्यांच्या आईबापांनी नको म्हटलंय. आणि मुलांना कुणी विचारलेलं नाही.

पाच जागा रिकाम्या सोडल्यात. लिहू का नेदा? तू सांग. या वेळी मी एकटीने ठरवणार नाही.

यागोदा